जुन्या जालन्यातलं परदेशी खातं

रिलायन्स, एचडीएफसी बँक, इन्फोसिस या कंपन्यांतली माझी गुंतवणूक मला विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते. त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

अमेरिकेत नोकरीला असताना निवृत्तीच्या 401के खात्यात पैसे जात. त्यातला एक हिस्सा मी मुद्दाम उभरत्या बाजारांच्या फंडात ठेवला. तिथल्या लेखी तो परदेशी शेअर्सचा फंड, पण मला त्यात आपला देश दिसायचा. अशा फंडांत भारताचा वाटा 2024 साली जवळपास पंचमांशावर गेला होता. मग आई-बाबा थकले आणि आम्ही जुन्या जालन्यात, आनंदी स्वामींच्या मंदिराजवळच्या घरात परतलो. परतलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) असा दर्जा मिळतो, परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर बसत नाही. ती मुदत संपल्यावर खरं कळायला लागलं.

शेजारच्या काकांकडेही एचडीएफसी बँकेचे शेअर्स आहेत. बियाणे कंपनीतल्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून घेतलेले. त्यांना 100 रुपये लाभांश मिळाला तर 10 रुपये टीडीएस कापला जातो आणि तो त्यांच्या एकूण करातून वजा होतो. 30 टक्क्यांच्या गटात असले तरी, उपकर सोडला तर, 70 रुपये हातात राहतात. माझ्या फंडाला तेच 100 रुपये मिळतात तेव्हा परदेशी गुंतवणूकदार म्हणून भारतातच सुमारे 20 रुपये कापले जातात. खात्यात 80 येतात. उद्या ते मी इथे काढले की 30 टक्क्यांनी आणखी 24 जातात. उरतात 56. आधीच्या 20 रुपयांची वजावट कुठेच नाही. हाच फंड अमेरिकेत साध्या खात्यात असता, तर या कराचं क्रेडिट तिथल्या विवरणपत्रात मागता आलं असतं. निवृत्तीच्या खात्यात ते मिळत नाही. दोन्ही वेळा कर घेणारा देश एकच, कंपनीही इथलीच आणि पैसा जालन्याच्या माणसाचा. तरी काकांपेक्षा मला 14 रुपये कमी. हे मी संभाजीनगरच्या सीएंना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘हिशोब बरोबर आहे. पण कर फंडाने भरला, तुम्ही नाही.’’ उत्तर कायद्याला धरून आहे. मला ते पटत नाही.

एक सोय आहे, ती वेळेत घ्यावी. 2021 साली आयकर कायद्यात कलम 89ए म्हणून आलेल्या तरतुदीमुळे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर दरवर्षी कर न लागता पैसे काढताना लागतो. त्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीत ठरलेला फॉर्म भरायचा. एकदा भरला की मागे घेता येत नाही. मात्र पुढे तुम्ही पुन्हा अनिवासी झालात, तर तो पर्याय कधी निवडलाच नव्हता असं धरलं जातं आणि टळलेला कर मागच्या वर्षांसकट पुढ्यात येतो. माझी मुलगी तिकडेच आहे. तिच्या बाळंतपणाला जायचं तर मी आधी मुक्कामाचे दिवस मोजतो. बापाला असं मोजायला लावणारा नियम बदलला पाहिजे.

आणि परतणाऱ्या प्रत्येकाने परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच. ते न भरल्यास 2015च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. 2024पासून 20 लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला सूट मिळाली, पण वीस वर्षांच्या नोकरीतली शिल्लक त्या मर्यादेत कुठली बसणार!

इतकं असूनही मी तो फंड विकलेला नाही. खात्यातल्या खात्यात तो बदलून अमेरिकन कंपन्यांचा घेणं सोपं होतं, आणि लाभांशावरची ही कात्रीही टळली असती. सीएंनीही तेच सुचवलं. पण पगारातून तो पैसा वळता झाला तेव्हा त्यावर अमेरिकेत आयकर लागला नव्हता, आणि तो वाचलेला पैसाही इतकी वर्षं वाढत आला, हेही तितकंच खरं आहे. शिवाय भारत वाढेल म्हणूनच मी तो हिस्सा घेतला होता आणि माझं ते मत बदललेलं नाही. काका म्हणतात, मग इतका चिडतोस कशाला? चिडतो, कारण त्या 20 रुपयांवर माझा हक्क आहे असं मला आजही वाटतं.