माळेगावच्या वाटेवरची गाणारी माणसे

लातूर माझे सासर आणि नांदेड माहेर. त्यामुळे लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर ही मधली गावे मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. एरवी एस. टी. माळेगावला आली की खिडकीपाशी बसलेल्या बायका हात जोडतात, एखादी म्हातारी 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणते आणि गाडी पुढे निघते. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली, की या रस्त्याचे रूपच पालटते. टेम्पो, बैलगाड्या, नटवलेले घोडे, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, सगळ्यांची तोंडे माळेगावकडे. नांदेडपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे, लोहा तालुक्यातले हे एवढेसे गाव, पण यात्रेच्या दिवसांत शहराला लाजवील अशी गर्दी तिथे होते.

यात्रा खंडोबाची. तिथीप्रमाणे ती कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातून आणि तेलंगणातून माणसे येतात. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार भरतो, कुस्त्यांचा फड रंगतो, तमाशांच्या राहुट्या पडतात. पुरुषमंडळींची पावले आपसूक तिकडे वळतात. आपण बायका देवदर्शन, बांगड्या आणि जमले तर एखादी घोंगडी घेऊन परत फिरतो. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई गेलो तेव्हा मात्र आम्हांला घरी जायची घाई नव्हती. शाळेला सुट्टी होती, मुले आजीपाशी होती. म्हणून पाहायला मिळाले ते सांगते.

माझा भाचा पुण्याला शिकतो. तो आणि त्याचे तीन मित्र गिटार, ड्रम घेऊन गातात. 'मावशी, आमचा रॉक बँड आहे,' असे तो मोठ्या ऐटीत सांगतो. शनिवार-रविवारी ही पोरे या हॉटेलातून त्या हॉटेलात जातात. तिथे 'ओपन माइक' असतो म्हणे. म्हणजे मंच खुला, नाव नोंदवायचे, दहा मिनिटे गायचे आणि उतरायचे. पैसे नाहीत. उलट कॉफी आपल्याच पैशांनी प्यायची! जाऊबाईंना हे ऐकून भारी गंमत वाटली होती. पण माळेगावात एका झाडाखाली ताडपत्री अंथरून बसलेली पाच माणसे पाहिली आणि त्याच मला म्हणाल्या, 'अगं, हा बघ तुझ्या भाच्याचा बँड!'

ती होती वाघ्या-मुरळीची पार्टी. चार पुरुष आणि एक बाई. वाद्ये मोजकीच. एकाकडे दिमडी. लाकडी कड्यावर कातडे ताणलेले हे लहानसे वाद्य थंडीत सैल पडते, म्हणून शेकोटीवर धरून शेकून घ्यावे लागते. दुसऱ्याकडे तुणतुणे, एकच तार, पण तिच्यावाचून गाण्याला सूर मिळत नाही. आणि बाईच्या हातात घोळ, म्हणजे घंटी. जवळ कोटंबा, दिवटी आणि भंडाऱ्याची पिशवी. पूर्वी ही पिशवी वाघाच्या कातड्याची असे, आता कापडाचीच असते. एका खांद्यावरच्या झोळीत सारा संसार मावतो. ना वीज लागते, ना माइक.

वाघ्यांमध्ये दोन प्रकार सांगतात. नवस फेडायला ठरावीक दिवस वारी मागतो तो घरवाघ्या, आणि जन्मभर देवाचे नाव घेत दारोदार फिरतो तो दारवाघ्या. आम्ही पाहिलेली पार्टी या दोन्हींच्या मधली होती. पाऊसपाण्याच्या दिवसांत ही माणसे दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. दिवाळी झाली की सुपाऱ्या घेतात आणि लग्नसराई संपेपर्यंत गात फिरतात. आज अहमदपूर, उद्या उदगीर, परवा कंधार. यात्रा ही त्यांची जाहिरात. तिथे गाणे आवडले, की एखादे कुटुंब फोन नंबर लिहून घेते आणि घरच्या जागरणाला बोलावते.

माळेगावच्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषदेतर्फे लावणी महोत्सव होतो, तसा लोककलांचाही महोत्सव होतो. तिथे मंडप असतो, मंच असतो, माइक असतो. पार्ट्या पुष्कळ असल्या की वेळ बेताचाच वाट्याला येणार, हे उघडच आहे. आमच्या पार्टीनेही मंचावर जाऊन एक गण आणि एक पद म्हटले, आणि उतरून पुन्हा झाडाखाली येऊन बसली. दिमडीवाल्या आजोबांना मी विचारले, 'तिथं बरं वाटलं का इथं?' ते हसून म्हणाले, 'तिथं मान हाय ताई, इथं माणसं हायती.'

माणसे होती खरीच. कारण मुरळीने बाणाईची गोष्ट लावली होती. खंडोबाची ही गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. पहिली म्हाळसा, वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची लेक. बाणाईसाठी देव तिच्या बापाच्या घरी चाकर होऊन राहिला, मेंढरे राखली. मग तिला घेऊन घरी आला, तेव्हा म्हाळसेने काय आकांत केला असेल ते आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको! जेजुरीला गडावर देवाजवळ म्हाळसा आणि निम्म्या डोंगरावर बाणाई, अशी तोड शेवटी निघाली. ती बाई एकदा म्हाळसा होऊन भांडत होती आणि एकदा बाणाई होऊन टोमणे मारत होती. समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोणी दहाची नोट द्यायचे, कोणी एक्कावन्न रुपये, आणि प्रत्येक वेळी गाणे मध्येच थांबवून देणाऱ्याचे नाव पुकारले जायचे. त्यात गाण्याचा धागा तुटायचा खरा, पण दिवसाची कमाई तीच. सुपारीची रक्कम आणि हे वरचे पैसे एकत्र करून वाटे पाडतात. एक वाटा गाडीभाड्याला काढतात, उरलेले सारखे. बाईचा वाटाही पुरुषांएवढाच, हे त्यांनी आपणहून सांगितले.

गाणे संपल्यावर जाऊबाईंनी तिला चहा दिला. वय माझ्याएवढेच, पस्तिशीच्या आतबाहेरचे. गळ्यात मंगळसूत्र. तुणतुणे धरणारा तिचा नवरा. मी जपूनच विचारले, 'तुम्हांला देवाला सोडलं होतं का?' ती म्हणाली, 'माझ्या आजीला सोडलं होतं. आईनं नुसतं गाणं घेतलं. मी लगीन केलं आन् गाणं बी घेतलं.' मग थोड्या वेळाने, 'पोरगी नववीत शिकूलाली. तिला दिमडी येती. पण ती फक्त सुट्टीत येती आमच्यासंगं.'

तीन पिढ्यांचा हा प्रवास तिने एका दमात सांगितला, पण त्यामागे फार मोठी चळवळ आहे. नवसापोटी पोटची मुलगी देवाला वाहायची, तिचे लग्न देवाशी लावायचे आणि मग तिच्या नशिबी काय येते तिकडे पाठ फिरवायची, ही रीत कित्येक वर्षे चालली. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून तिच्याविरुद्ध आवाज उठवला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मुरळ्यांचा प्रश्न हाती घेतला. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, पण तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात. आपला मराठवाडा मोकळा झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. पुढे सबंध महाराष्ट्रासाठी २००५ सालचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा आला. मुलीला देवाला सोडणे हा आज गुन्हा आहे. म्हणजे मुरळी हे आता त्या बाईचे नशीब उरलेले नाही, ती गाण्यातली तिची भूमिका आहे. हा फरक कायद्याच्या पुस्तकात आला. तो आपल्या घरांत कितपत आला, ते पाहायला हवे.

कारण या पार्ट्यांचा खरा आधार मंच नाही, यात्राही नाही. त्यांचा आधार आपली घरे आहेत. लग्न झाले की ज्या घरी खंडोबा कुलदैवत, तिथे जागरण घालतात. पाच ऊस उभे करून त्यांचा मांडव करतात, घट मांडतात, दिवटी पेटवतात. आधी गण, मग गावोगावच्या देवांना जागरणाला येण्याचे आवतण, मग देवाची कथा, आरती आणि शेवटी लंगर तोडणे, म्हणजे लोखंडी साखळी हिसका देऊन तोडणे. रात्रभराचा हा कार्यक्रम. आता त्यालाही घड्याळ लागले आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. हा नियम चांगलाच आहे, शेजारी आजारी माणूस असते, परीक्षेची मुले असतात. पण ज्या घरी माइकशिवाय गाणे ऐकायची सवय राहिली नाही, तिथे दहा वाजता जागरणच उरकून टाकतात. खरे तर दिमडी आणि तुणतुणे माइकच्या कितीतरी आधीपासून वाजत आले आहे. दहानंतर दार लावून घेऊन, जवळ सरकून बसून ऐकले तर कथा जास्तच गोड लागते, असे त्या बाईचेही म्हणणे पडले. २०२० च्या टाळेबंदीत लग्नांना ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा जागरणेच बंद पडली आणि या लोकांचा हंगाम बुडाला. त्यानंतर काही जोडीदार कायमचे पुण्याकडे कामाला गेले ते परत आले नाहीत, हेही तिने सांगितले.

आमच्या नात्यातल्या एका घरी झालेले जागरण मला या निमित्ताने आठवते. मुरळी पहाटेपर्यंत गायली. सकाळी हळदीकुंकवाची कोयरी फिरली. ओळीने सगळ्या सवाष्णींना कुंकू लागले, मुरळीपाशी आल्यावर मात्र कोयरी पुढे सरकली. पार्टीची पाने शेवटी, बाहेर ओसरीवर मांडली. रात्रभर जिच्या तोंडून देवाचे नाव ऐकले, तिला सकाळी कुंकू नाही! परंपरेच्याच भाषेत बोलायचे तर देवाशी लग्न लागलेल्या मुरळीला वैधव्य नाही, ती जन्माची सवाष्ण. म्हणजे जुन्या रीतीनेही तिचा मान होता आणि नव्या विचारानेही आहे. मग मध्येच तो कोठे हरवतो?

हे आपल्या हातातले आहे, मैत्रिणींनो. घरात जागरण ठरले, की सुपारी पुरुष देतात, पण पुढचे सारे आपल्याकडेच असते. म्हणून काही गोष्टी आपणच पाहाव्यात. बोलणी आधी स्पष्ट करावीत, बिदागी किती, गाडीभाडे त्यात धरले की वेगळे, आणि इसार द्यावा. पार्टीला जेवण गाण्याच्या निदान दोन तास आधी वाढावे. भरल्या पोटी गळा चालत नाही, आणि उपाशी तर मुळीच नाही. रात्री मध्ये एकदा आले घातलेला गरम चहा आणि प्यायला कोमट पाणी ठेवावे. बाई असली तर तिला कपडे बदलायला कडी लागेल अशी खोली द्यावी. पुढच्या रांगेत बायकांनी आणि मुलांनी बसावे. पिऊन आलेला माणूस, मग तो घरचा जावई का असेना, मांडवाबाहेर ठेवावा. मोबाइलवर चित्र घ्यायचे तर आधी विचारावे. बिदागी सामान बांधायच्या आत हातावर ठेवावी, 'उद्या बघू' म्हणू नये. आणि निघताना तिला कुंकू लावून खणानारळाने तिची ओटी भरावी.

जाऊबाईंनी त्या दिवशी झाडाखालीच पर्समधली कुंकवाची डबी काढली. त्यांच्या धाकट्या दिराचे लग्न यंदा वैशाखात आहे. पार्टीचा नंबर आम्ही लिहून घेतला आहे. मुलीची परीक्षा तोवर संपलेली असेल, असे तिच्या आईने सांगितले. तिलाही घेऊन या, असे आम्ही सांगून ठेवले आहे. पोरीने मन लावून शिकावे, नोकरी करावी, आणि तिला वाटले तर सुट्टीत दिमडीही वाजवावी. भाच्यालाही मी कळवले आहे, गिटार घरी ठेव आणि लातूरला ये. दहा मिनिटांत उतरायला न लावणारा मंच कसा असतो, तो एकदा पाहून जा.