चाकांवरच्या घरात वीज

पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला शनिवारवाडा दाखवतो, सारसबाग दाखवतो, लक्ष्मी रोडवर खरेदीला नेतो. जुनी गाडी हाताशी धरून निघालेल्या माणसाचे पुणे मात्र निराळे असते. ते नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांपासून सुरू होते, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूड मोजून घेते, बुधवार पेठेत तारा आणि स्विच शोधते आणि रविवारी जुन्या बाजारात रेंगाळते. गेल्या हिवाळ्यात मी आणि अब्बा या पुण्यात दोन महिने फिरलो. आमच्या मॅटॅडोरमध्ये इन्व्हर्टर बसवायचा होता.

मॅटॅडोर म्हणताच चाळिशीपुढच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर ती चपट्या तोंडाची गाडी उभी राहील. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, बँडवाले, बेकरीचा माल, काय काय तिने वाहिले! हे नाव मूळचे जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या गाडीचे. १९५८ साली त्या कंपनीच्या सहकार्याने फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटॅडोर देशभर गेली. १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली, २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले आणि मॅटॅडोर हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशी झाली. परदेशात लोक कारमागे जुने ट्रेलर-घर ओढत सफरीला जातात. आपल्याकडे ते फारसे रुजले नाही. आपल्या मध्यमवर्गाचे चाकांवरचे घर म्हणजे अशी एखादी जुनी व्हॅन, मागची बाके काढून आत गाद्या टाकलेली.

आमच्या गाडीत अब्बांनी मागे लाकडी पलंग, खाली सामानाचे खण आणि खिडक्यांना पडदे केव्हाच केले होते. आम्ही भावंडे लहान असताना त्यात झोपूनच महाबळेश्वर, विजापूर, खुलताबाद पाहिले. उणीव एकच होती. इंजिन बंद झाले की गाडीत एका मिणमिणत्या दिव्यापलीकडे काही चालत नसे.

माहेर आणि मशीन

अम्मीचे माहेर म्हसळा तालुक्यात. तिची थोरली बहीण, आमची खाला, अजून तिथेच असते. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. अम्मीला काही वर्षांपासून झोपेत श्वास अडकण्याचा विकार जडला आणि डॉक्टरांनी रात्रभर लावायचे सीपॅप मशीन दिले. जोडीला दमा, म्हणून नेब्युलायझर. ही दोन्ही यंत्रे विजेवर चालणारी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा भागात विजेचे खांब आडवे झाले आणि गावेच्या गावे कितीतरी दिवस अंधारात राहिली. ते ऐकल्यापासून अम्मीच्या मनाने घेतले की कोकणात रात्र काढायची नाही. खाला फोनवर म्हणायची, "विजेचे काय घेऊन बसलीस, ये." अम्मी म्हणायची, "इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात." असे पुढचे महिने करता करता साडेचार वर्षे गेली. दोन्ही बहिणी म्हाताऱ्या होत होत्या, हे घरात सगळ्यांना दिसत होते. बोलत कोणी नव्हते.

शेवटी अब्बा म्हणाले, "ती विजेपाशी बसते ना? मग वीजच तिच्याबरोबर नेऊ."

आधी हिशेब

वस्तू विकत घेण्याआधी वहीत हिशेब मांडावा, हे मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते म्हणून मला सुचले. बॅटरीत असते १२ व्होल्टची एकदिश वीज, म्हणजे डीसी. घरातल्या यंत्रांना लागते २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. इन्व्हर्टर पहिलीचे दुसरीत रूपांतर करतो. त्या कामात साधारण १५ टक्के वीज उष्णता होऊन वाया जाते, हे धरूनच चालायचे.

आमचा एका रात्रीचा हिशेब असा निघाला. सीपॅप मशीन, त्यातले पाणी तापवणारे ह्युमिडिफायर बंद ठेवून, सरासरी ४० वॅट. आठ तास चालले तर ३२० वॅट-तास. त्याला १२ ने भागून वाया जाणारी वीज धरली तर सुमारे ३१ अँपिअर-तास. नेब्युलायझर १५० वॅटचा, पण तो दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटेच लागतो, म्हणजे सात-साडेसात. १५ वॅटचा पंखा थेट १२ व्होल्टवर, त्याचे रात्रीचे दहा. छोट्या एलईडी दिव्याचे दोनसुद्धा नाहीत. एकूण पन्नास अँपिअर-तास.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून पन्नासची गरज तर बॅटरी शंभरची. आणि ती गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीपेक्षा वेगळी हवी. सुरू करणारी बॅटरी क्षणभर प्रचंड जोर देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर थोडी थोडी वीज देत राहणे हा तिचा धर्म नव्हे. शिवाय तीच रात्री रिकामी झाली तर सकाळी गाडी कशी सुरू करणार?

तपकीर गल्ली

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचे नाव तपकिरीचे, माल विजेचा. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकाने, दारात तारांची भेंडोळी आणि मधून हातगाड्या. शेजारी पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने. इथल्या दुकानदाराला आपण काय मागतो यापेक्षा कशासाठी मागतो हे आधी सांगावे. मग तो खरा सल्ला देतो.

एका दुकानात अब्बांनी चार स्क्वेअर एमएमची वायर हातात घेतली. गल्ल्यावरचा पोरगा माझ्या भावापेक्षा लहान. म्हणाला, "चाचा, ही घरातल्या गिझरची. तुमचा इन्व्हर्टर सहाशे वॅटचा ना? बॅटरीकडून साठ अँपिअर ओढेल. ही वायर पेटेल."

त्याचे गणित बरोबर होते. २३० व्होल्टवर ६०० वॅटला तीन अँपिअरही पुरत नाहीत. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला ५० लागतात आणि वाया जाणारी वीज धरून ६०. व्होल्ट कमी तितका प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तितकी तार जाड. आम्ही २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली, तीही जेमतेम दीड-दीड मीटर. बॅटरी आणि इन्व्हर्टर जवळजवळ ठेवायचे आणि लांब न्यायची ती २३० व्होल्टची बाजू, हा या कामातला पहिला नियम. केबलच्या टोकांना तांब्याचे लग त्याने तिथेच दाबून दिले आणि ओढून पाहायला लावले.

दुसरा नियम फ्यूजचा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ८० अँपिअरचा फ्यूज. तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर तिथे शेकडो अँपिअर वाहू शकतात. फ्यूज बॅटरीजवळ असेल तरच पुढची सगळी तार वाचते.

इन्व्हर्टर घेताना 'प्युअर साइन वेव्ह' हे शब्द पाहूनच घ्यावा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते. दिवा आणि फोन तिच्यावर चालतात, पण मोटर आणि नाजूक वैद्यकीय यंत्रे कुरकुरतात, तापतात. काही सीपॅप यंत्रांना थेट १२ किंवा २४ व्होल्टची जोडतार मिळते. ती मिळाली तर वीज आणखी वाचते. आमचे यंत्र जुने, त्याची तार बाजारात उरली नव्हती.

तिथून परतताना आम्ही कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आलो. पेशवाईपासून तांबे ठोकणारी ती आळी. हंड्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज ऐकत अब्बा म्हणाले, "पाणी तापवायला तांबे, वीज वाहायला तांबे. ॲल्युमिनियमवाल्याकडे गेलो नाही ते बरे."

जुना बाजार आणि नाना पेठ

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. त्याच्याजवळचा चौक शाहीर अमर शेख यांच्या नावाचा. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या या शाहिराने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या आवाजाने मैदाने हलवली होती. चौकातून जाताना अब्बा दरवेळी तेवढे सांगतात. बाजारात जुने पाने, घड्याळे, कुलपे, रेडिओ, कशाचीही जोडी जुळते. आम्हाला तिथे जाड पत्र्याची पेटी मिळाली, बॅटरी ठेवायला अगदी मापाची. बॅटरी आणि फ्यूज मात्र जुन्या बाजारातून घेऊ नयेत. त्यांच्यावर जीव अवलंबून असतो.

नाना पेठेतल्या मिस्त्रीने, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर बसवला. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो म्हणजे दुसरीही चार्ज होते. इंजिन बंद झाले की दोघींना वेगळे करतो. आयसोलेटरकडे जाणाऱ्या तारेलाही दोन्ही टोकांना फ्यूज घातले. उस्तादांचा आग्रह सीलबंद बॅटरीचा. घरातली उंच ट्युब्युलर बॅटरी घाटात हिंदकळली तर ॲसिड बाहेर येते. सीलबंद असली तरी पेटीला बाहेर जाणारी हवेची नळी ठेवली, आणि पेटी पट्ट्यांनी गाडीच्या तळाला आवळली. तीस किलोचे वजन ब्रेक लागल्यावर उडता कामा नये. गॅसची शेगडी आणि सिलिंडर त्या बाजूला नकोच.

इन्व्हर्टरचे आवरण जाड तारेने चासिसला जोडले. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. त्यासाठी न्यूट्रलचा जोड कसा करायचा हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत पाहून परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले. हे काम अंदाजाने करायचे नाही. छतावर १५० वॅटचे सोलर पॅनल आले. चांगल्या उन्हात ते दिवसाला ३५ ते ४० अँपिअर-तास परत भरते. समोर एक छोटा व्होल्टमीटर लावला: काही चालू नसताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी, त्याखाली जाऊ द्यायचे नाही. दाराशी अग्निशामक नळकांडे. सगळे मिळून पस्तीस हजारांच्या आसपास खर्च आला.

कायद्याचेही पाहायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाहीत. म्हणून छत कापणे, आसने कायमची काढणे, असे काही मनात असेल तर आधी आरटीओत विचारावे. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. आता तर राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, आणि गाड्यांच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. ज्याला नवीन, प्रमाणित कॅराव्हॅन परवडते त्याने ती घ्यावी. आमच्यासारख्यांसाठी पेठांतल्या गल्ल्या आहेत.

म्हसळ्याची रात्र

निघण्याआधी तीन रात्री अम्मी घराखाली उभ्या असलेल्या गाडीत झोपली. डॉक्टरांनीच तसे सुचवले होते: रात्री बॅटरी किती उतरते ते घरापाशी पाहा, मग लांब जा. तिसऱ्या सकाळी काटा १२.३ वर होता. अम्मीने स्वतः तो वाचला आणि काही न बोलता बॅग भरायला घेतली.

फेब्रुवारीत आम्ही मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरलो. विळ्याला चहा झाला, माणगावला जोहरची नमाज, आणि मोर्ब्यावरून दुपारी म्हसळा. जुनी गाडी चाळिसापलीकडे पळत नव्हती. अम्मीला घाई नव्हती. प्रत्येक वळणावर ती गावांची नावे सांगत होती, कोणाची मुलगी कुठे दिलेली, कुठल्या ओढ्याला पावसात पाणी यायचे.

गाडीतच झोपायचे असे ठरले होते. पण खालाने अम्मीचा हात धरला तो सोडलाच नाही. मग आम्ही मॅटॅडोर तिच्या खिडकीखाली आणली आणि तीन पदरी एक्स्टेन्शन वायर गजांमधून आत घेतली. गाडी अंगणात आणि दोघी बहिणी आत एकाच पलंगावर. रात्री उशिरापर्यंत त्यांचे बोलणे ऐकू येत होते, मग यंत्राचा मंद सूर तेवढा उरला.

पहाटे फज्रला उठलो तेव्हा गावात अंधार होता. वीज रात्री दोनलाच गेली होती, असे शेजाऱ्याने सांगितले. आत डोकावले तर अम्मी गाढ झोपलेली, यंत्र चालू. अब्बा कंदील घेऊन गाडीत गेले, काटा पाहिला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साडेबारा." त्या दिवशी आम्ही परत निघणार होतो. अम्मीने आणखी दोन रात्री राहायचे ठरवले.