आबांची फुटलेली नस

बी.पी.च्या गोळ्या संपल्याचं आबांनी मला फोनवर सांगितलं होतं. माझं सबमिशन चालू होतं. "रविवारी अकोल्याहून घेऊन येतो," म्हटलं. रविवार आला नि गेला.

पुढच्याच आठवड्यात आबा हिवरखेडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात ठिबकच्या नळ्या पाहता पाहता खाली बसले, ते उठलेच नाहीत. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. आधी अकोट, मग अकोला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला पांढरा डाग. ब्रेन हॅमरेज!

तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर आजीने विचारलं, "बापू, थे फुटलेली नस पुन्हा जुयते काय रे? तू त इंजिनेर होऊन रायला ना!"

मी मेकॅनिकलचा. पाइप फुटला तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच माझं ज्ञान. मेंदूला व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही. होस्टेलवर परतल्यावर मिळेल ते वाचत सुटलो.

गोठलेल्या रक्ताच्या कडेला नवीन केशवाहिन्या फुटतात. त्यांना बोलावणारं एक प्रथिन आहे, व्हीईजीएफ. गंमत म्हणजे 1983 साली ड्व्होरॅक यांच्या गटाला ते सापडलं ते रक्तवाहिन्या 'गळक्या' करणारा पदार्थ म्हणून! 'वाढीचा घटक' हे नाव फेरारांनी 1989 मध्ये दिलं. दोन्ही खरं. सुरुवातीला हेच प्रथिन वाहिन्यांचे सांधे सैल करतं आणि मेंदूची सूज वाढवू शकतं. पुढे तेच नवीन वाहिन्या उभ्या करतं. सांधे पुन्हा आवळायला अँजिओपोएटिन-1 नावाचा दुसरा गडी लागतो. (आमच्याकडचे प्लंबरही जोडीनेच येतात.)

2000 साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो रक्तस्रावाचा नव्हता, मेंदूचा रक्तपुरवठा अडवण्याचा होता. व्हीईजीएफ तासाभरात दिलं तर गळती वाढली. 48 तासांनी दिलं तर नवीन केशवाहिन्या आल्या, उंदीर सुधारले. वस्तू एकच, फरक फक्त वेळेचा. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. हॅमरेजच्या पेशंटला हे औषध म्हणून अजून देत नाहीत. आबांना मिळतं ते त्यांच्याच मेंदूने तयार केलेलं, त्याच्या सवडीने.

आजीला सांगितलं, "फुटलेली जुयत नाही आजी, बाजूनं नव्या येतात. छाटल्यावर झाडाले फूट येते ना, तशा."

"मंग येऊ दे," ती म्हणाली.

आता आबा भिंत धरून ओसरीपर्यंत येतात. गोळ्या दर महिन्याला मीच नेतो, तारखेच्या आधी. रविवारचं मात्र आजीला अजून सांगितलेलं नाही. आबांना ठाऊक आहे. पण त्यांच्या तोंडून चारच शब्द नीट निघतात, आणि त्यांतला एक माझं नाव आहे.