देवाचे भय

मृत्यूच्या बातमीत आपल्याकडे 'पापभीरू' हे विशेषण मोठ्या आदराने छापले जाते. कोणी गृहस्थ आयुष्यभर सचोटीने वागून गेला, की त्याच्याविषयी लिहिणारास बहुधा दुसरा शब्द सुचत नाही. परंतु पापास भिणाऱ्याचा असा गौरव करणारे आपण, कोणी देवास भितो असे म्हटले म्हणजे किंचित नाक मुरडतो. देव हा भजण्याचा, फार तर भांडण्याचा विषय, हे आपण संतांपासून शिकलो. जनाबाईने विठोबास शिव्या दिल्या, तुकोबांनी त्याचे उणेदुणे काढले, आणि ह्या सलगीचा आपणांस अभिमान आहे. तो मलाही होता. म्हणूनच १९७९ साली एका ख्रिस्ती स्नेह्याच्या हस्तलिखितातील 'भय' हा शब्द मी तांबड्या शाईने जागोजाग खोडला आणि त्याच्या डोक्यावर 'आदर' असे लिहिले. त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

आम्ही दोघे नगर येथे एकाच हायस्कुलात शिक्षक होतो. मी संस्कृत शिकवीत असे, ते गणित. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी वडील. सारे गाव त्यांस मास्तर म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. ते मला थट्टेने 'शास्त्रीबोवा' म्हणत. नगरचा ख्रिस्ती समाज जुना. अमेरिकन मराठी मिशनचे तेथील काम १८३१ सालापासूनचे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या वास्तव्यामुळे तर मराठी वाचकांस नगरचे नाव परके राहिले नाही. मास्तरांचे आजोबा त्या जुन्या पिढीतले. घरात मराठी अस्खलित, पुस्तके पुष्कळ. पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर मी प्रथम त्यांच्याच मेजावर पाहिले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या ह्या मुलीने उतारवयात त्या दोन भाषा आत्मसात करून हे काम १९२२ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालविले होते.

मास्तर आपल्या मंडळीतील मुलांसाठी प्रार्थनेची एक लहानशी पुस्तिका लिहीत होते आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी ती त्यांनी मजकडे दिली. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका काढून मी गप्प बसावयास हवे होते. परंतु पानोपानी देवाचे भय बाळगावे, देवाचे भय हाच शहाणपणाचा आरंभ, असे आलेले पाहून माझ्यातला संस्कृतचा मास्तर जागा झाला. मला माझे बालपण आठवले. खोटे बोललास तर देवबाप्पा जीभ कापील, असे आई सांगे. शनिमाहात्म्य वाचले जाई तेव्हा शनीची दृष्टी आपल्यावर न पडो म्हणून मी आजीच्या पदराआड बसत असे. आणि सत्यनारायणाचा प्रसाद टाकून धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडाली, ह्या कथेने तर माझी कित्येक वर्षे प्रसादाचा कण सांडण्याचीही छाती झाली नाही. हे भय मोठेपणी मी प्रयत्नाने झाडून टाकले होते. तेच एका गणिताच्या शिक्षकाने लहान मुलांच्या हाती पुन्हा द्यावे, हे मला बरे वाटले नाही.

दोन दिवसांनी मास्तर हस्तलिखित घेऊन घरी आले. रागावलेले नव्हते. चहा झाल्यावर म्हणाले, "शास्त्रीबोवा, आदर हा शब्द चांगला आहे, पण तो मी कलेक्टरसाहेबांसाठी राखून ठेवला आहे."

मी म्हटले, "मग भक्ती लिहा, श्रद्धा लिहा. भयच कशाला?"

ते म्हणाले, "कारण मूळात भयच आहे. हिब्रूतला 'यिरा' हा शब्द सापाच्या भीतीलाही चालतो आणि देवाच्याही. ग्रीक 'फोबोस'चेही तेच. लिहिणारांना दुसरे शब्द ठाऊक नव्हते असे थोडेच आहे?"

मग त्यांनी मला निर्गमाच्या विसाव्या अध्यायातला प्रसंग सांगितला. सीनाय पर्वतावर गडगडाट होतो आहे, धूर निघतो आहे, लोक थरथर कापत दूर उभे आहेत. मोशे त्यांस धीर देतो की भिऊ नका; आणि त्याच दमात सांगतो की तुमच्या ठायी देवाचे भय राहावे आणि तुम्ही पाप करू नये, म्हणूनच हे सारे घडले. एकाच श्लोकात 'भिऊ नका' आणि 'भ्या'! मी नैयायिकाच्या आविर्भावात म्हणालो की हा सरळ वदतोव्याघात आहे. मास्तर हसले आणि म्हणाले, "गणितात दोन उणे मिळून अधिक होते, तेही पोरांना प्रथम वदतोव्याघातच वाटते."

हा विरोध ख्रिस्ती विचारवंतांस जुन्या काळापासून जाणवला आहे, हे मला त्यांच्यामुळे कळले. योहानाच्या पत्रात तर पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे स्पष्ट म्हटले आहे. मग भयाची शिकवण राहिली कोठे? उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन ह्याने ह्यावर दोन स्त्रियांचा दृष्टान्त दिला. दोघीही नवऱ्यास भितात. एक व्यभिचारिणी, तिला भीती ही की नवरा घरी येईल. दुसरी पतिव्रता, तिला भीती ही की तो सोडून जाईल. पहिलीचे भय दासाचे, दुसरीचे निर्मळ. प्रीती ज्याला घालवून देते ते पहिले, आणि दुसरे प्रीतीबरोबर वाढत जाते. दृष्टान्त जुन्या काळचा आहे आणि आजच्या भगिनींस तो रुचेलच असे नाही. माझ्या पत्नीस तर मुळीच रुचला नाही. भय म्हणून बाहेरून एकच दिसणारी वस्तू आतून किती निराळी असू शकते, हे मात्र त्याने मला प्रथम दाखविले. पुढे जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२९ साली मुलांसाठी जी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तीत दहा आज्ञांचे विवरण करताना भय आणि प्रीती ही जोडी त्याने प्रत्येक आज्ञेपाशी पुन्हा पुन्हा मांडली. एकीवाचून दुसरी ठेवली नाही.

दासाच्या भयाचा नमुना पाहावयास मात्र आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्या घरात वाचली गेली नाहीत असे सुशिक्षित मराठी घर विरळा. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन वाचताना आपण हसतो. परंतु त्या घरातल्या बायकामुलांचे जिणे त्या धुण्याविंचळण्याने किती हैराण झाले होते हे मनात आणले म्हणजे हसू मावळते. तेथे देव कोठेच नाही, केवळ विटाळ आहे. असले भय कितीही पाळले तरी माणूस निर्भय होत नाही. धुतलेला हात पुन्हा धुवावा लागतो.

मी हार खाणारा नव्हतो. गीतेचा अकरावा अध्याय पुढे केला. विश्वरूप पाहून अर्जुन कापू लागला, ज्याला सखा म्हणून हाका मारल्या, थट्टा केली, त्याची क्षमा मागू लागला. तेव्हा हे काही तुमचेच नवे नाही, असे मी बजावले. मास्तरांस ह्याचा आनंदच झाला. रुडॉल्फ ऑटो ह्या जर्मन पंडिताने १९१७ साली 'पवित्र' ह्या विषयावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात हाच अध्याय साक्षीस घेतला आहे, हे त्यांनीच मला सांगितले. परंतु थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुमचा अर्जुन कशाने भ्याला? धगधगीत मुखांत वीर शिरताना पाहून. आमचा पेत्र कशाने भ्याला ठाऊक आहे? मासळी पाहून! रात्रभर जाळे टाकून काही लागले नव्हते. येशूच्या शब्दावरून सकाळी टाकले तो जाळी फाटू लागली. आणि हा कोळी आनंद करावयाचा सोडून गुडघ्यांवर पडतो आणि म्हणतो, प्रभो, मी पापी आहे, माझ्यापासून दूर जा. कोणी दटावले नव्हते त्याला. उलट घर भरले होते."

हे मला त्या वेळी समजले नाही. समजण्यास मला आणखी बारा वर्षे लागली, आणि त्याची कारणे माझ्या पदरची आहेत.

हस्तलिखिताच्या आदल्या वर्षी, १९७८ च्या फेब्रुवारीत, शाळेत एक प्रकरण झाले होते. एका वजनदार गृहस्थाचा मुलगा वर्षातले कित्येक महिने शाळेकडे फिरकला नव्हता आणि हजेरी कमी म्हणून शालान्त परीक्षेस बसण्यास अपात्र ठरत होता. त्या वर्गाचा हजेरीपट पहिल्या सहामाहीत मजकडे होता, दुसऱ्या सहामाहीत मास्तरांकडे. दोघांस निरनिराळे बोलावून सांगण्यात आले की पट नव्याने उतरून काढा आणि सही करा. मला दोन मुले, भाड्याचे घर, आईचे आजारपण. मी एका रात्रीत पट उतरला. अक्षर इतके सुरेख आले होते की त्याची मला आजही लाज वाटते. मास्तरांनी नकार दिला. मुलगा त्या वर्षी परीक्षेस बसला नाही, त्यामुळे माझा खोटा पट निरुपयोगी होऊन कोठल्याशा कपाटात गेला. परंतु 'ऐकणारा' म्हणून माझी नोंद झाली, आणि १९८० साली पर्यवेक्षकाची जी जागा ज्येष्ठतेने मास्तरांची होती ती मला मिळाली. ते शेवटपर्यंत साधे शिक्षकच राहिले आणि १९९० साली निवृत्त झाले.

माझी सही त्यांस ठाऊक नव्हती, असे मी तेरा वर्षे धरून चाललो होतो. १९९१ च्या दिवाळीनंतर एके संध्याकाळी मला ते ओझे सहन होईना. मी त्यांच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. मनात अशी तयारी होती की ते चार शब्द बोलतील, मी ऐकून घेईन आणि हिशेब मिटेल.

ते म्हणाले, "मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात कळले." आणि आत वळून त्यांनी वहिनींस चहा ठेवण्यास सांगितले.

म्हणजे माझ्याशी भय आणि आदर ह्यांवर वाद घालीत होते तेव्हा त्यांस हे ठाऊक होते! मी पर्यवेक्षक झालो त्या दिवशी पेढे घेऊन आले तेव्हाही ठाऊक होते! मी विचारले, "तुम्हांला त्या वेळी भीती नाही वाटली?"

"वाटली तर! भीती वाटली म्हणूनच सही केली नाही," ते म्हणाले. "मोठी भीती असली म्हणजे लहान भीतींना जागा उरत नाही, एवढेच."

मग मला त्यांनी त्या दोन सुइणींची गोष्ट सांगितली. मिसरच्या राजाने शिप्रा आणि पुवा ह्यांस हुकूम केला होता की इब्री बायकांस मुलगा झाला तर जन्मतःच मारून टाका. त्यांनी मारले नाही. कारण म्हणून ग्रंथकार एवढेच सांगतो की त्या देवाला भीत होत्या. त्यांनी धैर्य दाखविले, असे तो म्हणत नाही.

परंतु मी ही गोष्ट अर्ध्याच लक्षाने ऐकत होतो. त्या घटकेस मला जे होत होते ते मी पूर्वी कधी अनुभवले नव्हते. मला मास्तरांची भीती वाटू लागली होती. त्यांनी दटावले असते तर ती वाटली नसती. अपराध्याला शिक्षा मिळाली म्हणजे तो एक प्रकारे मोकळा होतो, त्याचे देणे फिटते. येथे देणे घेणाराच नव्हता. चहाचा पेला हातात घेताना माझा हात कापला आणि थोडा चहा बशीत सांडला. ह्या मनुष्यासमोर आता आपल्याला कधीही खोटे बोलता येणार नाही, हे मला त्या बशीकडे पाहताना कळले. मी हे त्यांस कसेबसे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी स्तोत्रसंहिता काढली आणि एकशे तिसाव्या स्तोत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवून पुस्तक माझ्यापुढे केले. देवाजवळ क्षमा आहे, म्हणून लोक त्याला भितात, असा तिचा भाव आहे. शिक्षा आहे म्हणून नव्हे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. छापण्यात चूक असावी असे मला क्षणभर वाटले होते.

मी ख्रिस्ती झालो नाही, तसे त्यांनी कधी सुचविलेही नाही. माझी संध्या चालू आहे. विठोबाशी सलगीने बोलणे मात्र तेव्हापासून थोडे कमी झाले. जनाबाईला ती सलगी शोभते, कारण तिने दळण दळले होते. मी केवळ तिचे अभंग पाठ केले होते.

मास्तर १९९८ साली गेले. पुस्तिका त्यांच्या हयातीतच छापली गेली होती. निवृत्तीनंतर कागद आवरताना वहिनींनी ते जुने हस्तलिखित आठवण म्हणून मला दिले. प्रत्येक पानावर माझ्या तांबड्या शाईने 'भय' खोडलेले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या खाली मास्तरांनी पेन्सिलीने बारीक टिंबे दिली आहेत. छापखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ, 'आहे ते तसेच राहू द्यावे,' असा होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या दुरुस्त्या मात्र त्यांनी सगळ्या मान्य केल्या आहेत.