पावाची वाट

इंग्लंडमधलं लडलो हे जुनं बाजाराचं गाव. लेकीबरोबर त्याच्याभोवती फेरी मारली. किल्ल्यासमोरच्या बाजारचौकातून उतरलो, डिनहॅमचा पूल ओलांडून टीम नदीकाठची झाडीतली पायवाट धरली. तिचं नाव ‘ब्रेड वॉक’. मजूर पैसे दारूत उडवतील म्हणून ती बांधताना त्यांना मजुरीऐवजी पाव दिले, असं सांगतात.

मला अब्बा आठवले. मालेगावात लूमवर असताना शेठने एकदा मजुरीऐवजी धान्य देऊ केलं. अब्बांनी पोतं परत केलं. म्हणाले, “घाम माझा, हिशेबही माझाच.”

लडफर्डच्या पुलावरून, ब्रॉड गेटच्या वेशीतून गावात परतलो. बाजारात पाव घेतला. पैसे मोजून देताना बरं वाटलं.