सर्वश्रेष्ठ कोण, हे ठरवायचे कशावर?

विवाहसमारंभातील शेवटची पंगत उठल्यावर, दुकानाच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या दीर्घ प्रवासात चार मराठी माणसे एकत्र बसली आणि राजकारणाचा विषय टाळावयाचा असे मनोमन ठरले, की संभाषण बहुधा क्रिकेटकडे वळते. आणि क्रिकेटकडे वळले की फार वेळ न दवडता ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण?’ या प्रश्नापाशी येऊन ठेपते. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ गावसकरांचे नाव घेतात आणि हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्याला त्यांनी कसे तोंड दिले याचे वर्णन करू लागतात. त्यांचे चिरंजीव सचिनखेरीज दुसरे नाव ऐकूनच घेत नाहीत. नातवाला विराट कोहलीच्या पुढे काही दिसत नाही. एवढ्यात कोपऱ्यात बसलेला कोणी वाचनप्रिय माणूस शांतपणे ‘डॉन ब्रॅडमन’ असे म्हणतो आणि क्षणभर सगळे गप्प होतात. ब्रॅडमन यांचा खेळ त्यांपैकी कोणीच पाहिलेला नसतो आणि त्यांच्या आकड्यांना उत्तरही कोणापाशी नसते.

या वादाची एक गंमत अशी की, प्रत्येकाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू हा बहुधा त्याच्या स्वतःच्या वयाच्या बाराव्या ते विसाव्या वर्षांच्या दरम्यान ऐन भरात असलेला खेळाडू असतो. कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेले धावते समालोचन, शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिलेला दूरदर्शनचा पडदा, परीक्षेच्या आदल्या रात्री चोरून ऐकलेली धावसंख्या, हे सारे त्या एका नावाला चिकटलेले असते. त्या नावावर कोणी आक्षेप घेतला, तर आपल्या तारुण्यावरच आक्षेप घेतला गेला असे माणसाला वाटते आणि आवाज चढतात. भाषाही या बाबतीत मोठी बोलकी आहे. मराठी माणूस ब्रॅडमन यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात करतो आणि सचिनचा एकेरीत. एकाला तो नमस्कार करतो आणि दुसऱ्याला घरातला समजतो. वादाचा अर्धा निकाल तेथेच लागलेला असतो.

तरीही आकड्यांकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. ब्रॅडमन १९२८ ते १९४८ या काळात ५२ कसोटी सामने खेळले. ८० डाव, १० वेळा नाबाद, ६,९९६ धावा, २९ शतके आणि सरासरी ९९.९४. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलच्या मैदानावर ते अखेरच्या डावासाठी उतरले तेव्हा अवघ्या ४ धावा केल्या असत्या तर सरासरी बरोबर शंभर झाली असती. एरिक हॉलीज या फिरकी गोलंदाजाने दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडवला. सचिन तेंडुलकर १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षे खेळला. २०० कसोटी सामने, ३२९ डाव, १५,९२१ धावा, ५१ शतके, सरासरी ५३.७८, याशिवाय एकदिवसीय सामन्यांतील १८,४२६ धावा व ४९ शतके वेगळीच.

वाणिज्याच्या भाषेत बोलावयाचे तर एका बाजूला व्याजाचा दर आहे आणि दुसऱ्या बाजूला साठलेली ठेव. ब्रॅडमन यांचा दर असा की, सरासरीने दर पावणेतीन डावांमागे एक शतक. सचिनला त्यासाठी साडेसहा डाव लागले. परंतु त्याची एकूण जमा ब्रॅडमन यांच्या दुपटीहून अधिक आहे. ज्याला दर महत्त्वाचा वाटतो तो ब्रॅडमन यांच्या बाजूने जातो, ज्याला ठेव मोठी वाटते तो सचिनच्या. आणि बहुतेक वादांत आपण कोणते माप हाती घेतले आहे, हे वाद घालणाऱ्याला ठाऊकच नसते. माप त्याने नाव ठरवून झाल्यावर निवडलेले असते.

दुसरी अडचण काळाची. १९३० सालचा रुपया आणि आजचा रुपया यांची सरळ तुलना कोणी शहाणा माणूस करीत नाही. आधारवर्ष धरून किमतींचा निर्देशांक लावावा लागतो. धावांना मात्र असा निर्देशांक लावण्याची पद्धत नाही. ब्रॅडमन यांच्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्या राहात. डोक्याला शिरस्त्राण नसे. उलट बाजू अशी की, १९३५ पूर्वीच्या नियमानुसार उजव्या यष्टीच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नसे. ही फलंदाजाला मोठीच सवलत होती. ते कसोटी सामने केवळ इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोनच देशांत, एकूण दहा मैदानांवर खेळले. ५२ पैकी ३७ सामने इंग्लंडविरुद्ध होते. उरलेले १५ वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांच्याविरुद्ध प्रत्येकी पाच. भारतातील फिरकीला साथ देणारी, धूळ उडणारी खेळपट्टी त्यांनी कधी अनुभवली नाही. सचिनने मात्र त्याच्या काळी कसोटी खेळणाऱ्या उरलेल्या सर्व नऊ देशांविरुद्ध शतके झळकावली. हे आक्षेप खरे आहेत आणि ब्रॅडमनभक्तांनी ते हसण्यावारी नेऊ नयेत.

यावर एकच मार्ग निघतो. खेळाडूची तुलना ऐंशी वर्षांनंतरच्या खेळाडूशी न करता त्याच्याच काळातील, त्याच खेळपट्ट्यांवर आणि त्याच नियमांखाली खेळणाऱ्या खेळाडूंशी करावी, आणि तो त्यांच्यापासून किती अंतरावर उभा आहे हे मोजावे. ब्रॅडमन यांच्या काळात इंग्लंडचे सटक्लिफ आणि हॅमंड, वेस्ट इंडीजचे जॉर्ज हेडली हे थोर फलंदाज होते. त्यांच्या सरासरी अनुक्रमे ६०.७३, ५८.४५ आणि ६०.८३. म्हणजे खेळपट्टी सोपी असेल, नियम सवलतीचे असतील, तरी ती सवलत या तिघांनाही होतीच. आणि तिचा लाभ घेऊनही ते साठीपाशीच थांबले. एक मनुष्य शंभरापर्यंत गेला. चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने वेगवेगळ्या खेळांतील दिग्गजांना संख्याशास्त्रातील प्रमाण विचलनाचे माप लावून पाहिले. त्यात फुटबॉलचे पेले सरासरी खेळाडूपेक्षा ३.७ प्रमाण विचलने वर, गोल्फचे जॅक निक्लॉस ३.५, बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन ३.४ आणि ब्रॅडमन ४.४, असे उत्तर आले.

या मापालाही एक छिद्र आहे. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने बेसबॉलच्या निमित्ताने ते दाखवून दिले होते. एखाद्या खेळाचा सर्वसाधारण दर्जा उंचावत गेला की उत्तम आणि सामान्य यांतील अंतर आपोआप घटते. म्हणून जुन्या काळातील उत्तुंग माणूस अधिकच उत्तुंग दिसतो. हा युक्तिवाद फसवा नाही. परंतु तो ब्रॅडमन यांना पुरता लागू पडत नाही, कारण तो खरा असता तर हेडली आणि हॅमंड हेही सत्तर-ऐंशीच्या घरात दिसावयास हवे होते. उत्तम फलंदाजाची सरासरी तेव्हाही पन्नास ते साठच्या दरम्यान होती आणि आजही तेथेच आहे.

१९३२-३३ च्या मालिकेचा दाखला तर विलक्षण आहे. ब्रॅडमन यांना रोखण्यासाठीच इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन (या गृहस्थांचा जन्म मुंबईचा) याने शरीरवेधी गोलंदाजीचे तंत्र योजले. हॅरोल्ड लारवूडचे आखूड टप्प्याचे चेंडू छातीच्या रोखाने येत आणि डाव्या बाजूला झेलांसाठी क्षेत्ररक्षकांची भिंत उभी असे. त्या मालिकेत ब्रॅडमन यांना अपयश आले असे इतिहास सांगतो. त्या अपयशाची सरासरी होती ५६.५७.

मग सचिनच्या बाजूने काही बोलावयाचे उरते की नाही? उरते, आणि ते आकड्यांच्या रकान्यात बसत नाही. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना पाठीच्या असह्य वेदना सोशीत त्याने १३६ धावा केल्या. विजयाला १७ धावा हव्या असताना तो बाद झाला. उरलेल्या तिघांनी मिळून ४ धावा केल्या आणि भारत १२ धावांनी हरला. हा डाव त्याच्या विरोधात पुरावा म्हणून मांडणारे लोक आहेत! उरलेल्या तिघांची जबाबदारीही त्याच्याच नावे खर्ची टाकणारा हा हिशेब न्यायाचा म्हणता येणार नाही. नऊ वर्षांनी, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचे लक्ष्य त्याच्या नाबाद १०३ धावांनी गाठले गेले. सोळाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत प्रत्येक डावाला एवढ्या मोठ्या देशाची अपेक्षा खांद्यावर घेऊन उतरणे, आणि मैदानाबाहेरही तोल ढळू न देणे, याचे मोजमाप कोणत्या रकान्यात करणार? ब्रॅडमन यांनीही जागतिक मंदीने पोळलेल्या ऑस्ट्रेलियाची अशीच अपेक्षा वाहिली, आणि तीही हौशी खेळाडू म्हणून; पोटापाण्यासाठी ते ॲडलेडमध्ये शेअर दलालीचा व्यवसाय करीत. २७ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी सचिन त्यांना भेटावयास ॲडलेडला गेला होता. सचिनचा खेळ आपल्या खेळासारखा दिसतो, असे ब्रॅडमन यांनी त्यापूर्वीच जाहीरपणे सांगितले होते. थोर माणसे परस्परांशी या प्रश्नावर भांडत नाहीत. भांडण प्रेक्षकांचे असते.

तेव्हा निव्वळ फलंदाजीच्या मापाने ब्रॅडमन यांना दुसरा नाही, हे मराठी मनाला जड गेले तरी मान्य करावे लागेल. पण ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ’ हे शब्द उच्चारताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. समकालीनांशी तुलना करावयाची, तर त्या समकालीनांत कोणाला उभे राहू दिले होते आणि कोणाला नाही?

जॉर्ज हेडली यांची कसोटी कारकीर्द १९३० ते १९५४ अशी चोवीस वर्षांची; सामने मात्र २२. वेस्ट इंडीजला सामनेच कमी मिळत आणि मध्ये महायुद्ध आले. तेवढ्यात त्यांनी १० शतके केली. जग त्यांना ‘काळा ब्रॅडमन’ म्हणे. त्यांच्या बेटांवरचे लोक ब्रॅडमन यांनाच ‘गोरा हेडली’ म्हणत, आणि त्यात केवळ थट्टा नव्हती.

आपल्याकडे पाहिले तर पळवणकर बाळू यांचे नाव येते. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखणारा हा चर्मकार समाजातील तरुण गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता देशातील अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. संघातील सहकारी मैदानावर त्यांच्या हातून बळी मिळवीत आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये झाला, तेव्हा बाळू यांचा खेळ केव्हाच संपला होता. कसोटीच्या वहीत त्यांच्या नावाचे पानच नाही.

प्राध्यापक दि. ब. देवधर यांचेही तसेच. पुण्यात संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनी १९२६ मध्ये मुंबईस इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि निवडसमितीला ते वय अधिक वाटले. पुढे त्यांनी महाराष्ट्राला लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली.

आणि विजय मर्चंट. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ब्रॅडमन यांची सरासरी ९५.१४, त्यांच्या खालोखाल दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत नाव येते ते मर्चंट यांचे, ७१.६४. रणजी सामन्यांत तर त्यांची सरासरी ९८.७५ आहे. १९४३ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या आणि त्याच सामन्यात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी समोरच्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढून त्यांना उत्तर दिले. त्या काळी इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात युद्धामुळे कसोटी क्रिकेट बंद होते. मर्चंट यांच्या वाट्याला १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत अवघे दहा कसोटी सामने आले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची कर्णधार म्हणून निवड झाली होती. प्रकृतीच्या कारणाने ते जाऊ शकले नाहीत, त्यामुळे ब्रॅडमन आणि ते कसोटीत कधीच समोरासमोर आले नाहीत. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीस इंग्लंडविरुद्ध, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि त्यानंतर ते कसोटीत पुन्हा खेळले नाहीत.