सात हारी आणि एक बाय

पत्त्यांचे आपल्याकडे मोठे विचित्र आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी बदाम सात, दिवे गेले की झब्बू, गणपतीत जागरणासाठी रमी, हे सगळे घरोघर चालते. आजीसुद्धा चष्मा पुसून डावात बसते. पण ‘मी पत्त्यांच्या स्पर्धांना जाते’ असे कुणी म्हटले, की समोरच्याच्या कपाळावर आठी उमटलीच! म्हणून मित्रहो, आधीच सांगून टाकते. मी ज्या खेळाविषयी लिहिणार आहे त्यात कुणी पैसे लावत नाही. थोडी प्रवेश-फी असते, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून पत्त्यांची पाकिटे मिळतात, आणि हरणाऱ्याला... हरणाऱ्याला काय मिळते, तेच या लेखात सांगायचे आहे.

खेळाचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. नेहमीच्या खेळात बावन्न पानांचा एकच कॅट सर्वांत मिळून असतो. इथे प्रत्येकाने आपला कॅट घरून बांधून आणायचा. खेळणारे त्याला डेक म्हणतात. हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून निवडून किमान साठ पत्त्यांचा डेक करायचा. दोघांनी समोरासमोर बसायचे, सुरुवातीला सात-सात पत्ते उचलायचे आणि समोरच्याचे वीस गुणांचे आयुष्य शून्यावर आणायचे. तीनांपैकी दोन डाव जिंकले की सामना जिंकला. आम्ही खेळतो त्या प्रकाराला ‘पॉपर’ म्हणतात. नावाप्रमाणेच हा कंगालांचा खेळ आहे. ‘कॉमन’ म्हणून कधी तरी छापले गेलेले पत्तेच त्यात चालतात. शिकवण्या करून हातखर्च भागवणाऱ्या माझ्यासारखीला तेवढेच परवडते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. डेकमधले काही पत्ते ‘लँड’ असतात. लँड म्हणजे सरपण, आणि बाकीचे पत्ते म्हणजे स्वयंपाक. सरपण नसेल तर घरात बासमती असून उपयोग काय? एका पाळीत एकच लँड खाली ठेवता येते. ती हाती आली नाही, तर उरलेले उत्तमोत्तम पत्ते हातात धरून समोरच्याचा खेळ पाहत बसावे लागते.

स्पर्धा शुक्रवारी संध्याकाळी, पुण्यातल्या एका दुकानाच्या माडीवर होतात. पद्धत स्विस. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ती ठाऊक असेल. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. या पद्धतीत हरणारा बाद होत नाही. दर फेरीला सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावतात. जिंकणारा जिंकणाऱ्याशी भिडतो, हरणारा हरणाऱ्याशी. पद्धत दयाळू आहे, कारण घरी कुणाला पाठवत नाही. आणि तितकीच निर्दय, कारण हरत गेलात की तुमचे टेबल एकेक करून जिन्याकडे सरकत जाते. शेवटच्या टेबलावर बसले, की चपला काढण्याच्या जागेचा वास येतो.

२०२४ च्या जुलैत लागोपाठ दोन शुक्रवार मी त्या टेबलाची पक्की गिऱ्हाईक झाले होते. पहिल्या शुक्रवारी चार फेऱ्या, चार हारी. दुसऱ्या शुक्रवारी पहिल्या दोन फेऱ्या पुन्हा तशाच. त्या दिवशी आम्ही तेरा जण होतो. संख्या विषम असली, की तळाच्या एका खेळाडूला ‘बाय’ मिळतो. म्हणजे समोर कुणी नसते, पण जिंकल्याचे तीन गुण नावावर जमा होतात. तिसऱ्या फेरीचा तो बाय मला मिळाला. बाकीचे बारा जण खेळत होते आणि मी खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या छत्र्या मोजत होते. चौथ्या फेरीत पुन्हा हरले. आठ फेऱ्यांत सात हारी आणि एक जय, आणि तो जयही समोरची खुर्ची रिकामी असताना मिळालेला!

अशा वेळी लोक धीर द्यायला येतात. त्यांचे दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, “सोड गं, तुझं नशीबच सध्या खराब आहे.” दुसरा म्हणतो, “तुझं कुठंतरी चुकतंय. शोधून काढ.” दोघेही मायेने बोलत असतात. पण हरलेल्या माणसाच्या हाती दोघांच्या बोलण्यातून काही पडत नाही. नशीबच खराब म्हटले, तर करण्यासारखे काही उरत नाही. चुकतेच आहे म्हटले, तर प्रत्येक पत्ता टाकताना हात कापतो. हारीचे कारण एक तर आभाळात असले पाहिजे नाही तर आपल्या डोक्यात, तिसरीकडे कुठे असूच शकत नाही, अशी आपली समजूत झालेली असते.

मला तिसरी जागा दाखवली ती अर्थशास्त्राच्या मॅडमनी. त्यांना या खेळाची काहीच माहिती नाही. संख्याशास्त्राच्या भागावर तास चालू होता. मी तासानंतर विचारले, “मॅडम, सलग सातदा हरणं म्हणजे फारच झालं ना?” त्यांनी फळ्यावर मांडूनच दाखवले. दोन खेळाडू अगदी तुल्यबळ असले, तरी पुढचे सातही सामने एकानेच हरण्याची शक्यता १२८ मध्ये एक. मी म्हटले, “बघा!” त्यावर त्या म्हणाल्या, “थांब. तू काय फक्त सातच सामने खेळणार आहेस?” मग त्यांनी शंभर सामन्यांचा हिशेब केला. नाणे शंभर वेळा उडवले, तर त्यात कुठे ना कुठे सलग सात काटे येण्याची शक्यता शेकडा तीसच्या वर जाते. म्हणजे मध्यम प्रतीच्या दहा खेळाडूंनी शंभर-शंभर सामने खेळले, तर त्यांतल्या साधारण तिघांच्या वाट्याला माझे हे दोन शुक्रवार येणारच. त्यांच्या अंगी काही दोष असो वा नसो.

त्या रात्री मीही कागद घेऊन बसले. माझ्या डेकमध्ये साठांत चोवीस लँड. पहिल्या सात पत्त्यांत एकही लँड नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता शेकडा चौदा निघाली. दर सात वेळांत एकदा असा हात येणार, मग पत्ते कितीही मन लावून पिसा. तसा हात परत करून नवे सात पत्ते उचलण्याची मुभा असते, पण मग त्यांतला एक डेकच्या तळाशी ठेवावा लागतो. सरपणासाठी पानातला एक घास द्यायचा!

गणिताने मन हलके झाले, पण तेवढ्यावर थांबण्यात धोका होता. असे होऊ शकते, एवढेच गणित सांगते. माझ्या सात हारींपैकी कोणती कशी झाली, हे ते सांगत नाही. म्हणून मी एक वही केली. प्रत्येक पानावर तीन रकाने : हातात काय होते, काय केले, काय झाले. सातही सामने आठवून आठवून लिहिले. मग तिसऱ्या रकान्यावर तळहात ठेवला आणि स्वतःला विचारले : शेवट ठाऊक नसता, तर पुन्हा हेच केले असते का?

एक उदाहरण देते. एका निर्णायक डावात मी दुसरी खेळणार होते. हातात दोन लँड आणि पाच स्वस्त, कामाचे पत्ते. असा हात ठेवावा की परत करावा? डेकमध्ये उरलेल्या त्रेपन्न पत्त्यांत बावीस लँड होत्या आणि तिसऱ्या पाळीपर्यंत मला तीन पत्ते उचलायला मिळणार होते. त्या तिघांत एक तरी लँड असण्याची शक्यता शेकडा एक्क्याऐंशी. मी हात ठेवला. तीनही वेळा लँड आली नाही आणि सामना गेला. तळहाताखाली शेवट झाकून पाहिले, तर उत्तर स्पष्ट होते. पुन्हा तसा हात आला, तर मी तो पुन्हा ठेवीन. शंभरांतल्या त्या एकोणीस वेळांपैकी एक वेळ त्या दिवशी माझ्याकडे आली होती, इतकेच.

सातांपैकी चार सामन्यांत उत्तर असेच आले. उरलेल्या तीन सामन्यांत मात्र समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. त्यांतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याच्या दोन लँड नेहमी न वापरता शिल्लक. मी मोठा पत्ता टाकला, की तो त्या दोन लँडवर ‘काउंटरस्पेल’ टाकून माझा पत्ता जागच्या जागी रद्द करी. सामना संपल्यावर त्यानेच आपले पत्ते टेबलावर पसरले आणि म्हणाला, “आधी लहान पत्ता टाकून बघायचा. मी त्याच्यावर काउंटर खर्च केला, तर तुझा मोठा सुटला. नाही केला, तर लहान तर लागला.” शेवटच्या टेबलांवर ही एक श्रीमंती आहे. वरच्या टेबलांवर सामना संपला, की लोक उठून गुणफलकाकडे धावतात. खाली कुणालाच घाई नसते. तिथे सातवीतला एक मुलगा येतो. हरला की हात मिळवतो आणि विचारतो, “ताई, अजून एक असाच खेळू या?” ‘असाच’ म्हणजे गुणांशिवाय. त्या ‘असाच’ डावांत मी जितके शिकले तितके गुणांच्या डावांत शिकले नाही.

हे सगळे खेळापुरतेच राहिले असते, तर मी कदाचित लिहिलेही नसते. पण त्याच जुलैत आमच्या दादाचा निकाल लागला. तो स्पर्धा परीक्षा देतो. ही तिसरी खेप होती आणि दोन गुणांनी त्याचे नाव यादीबाहेर राहिले. घरी माणसे येऊ लागली. माझ्या ओळखीचे दोन्ही पक्ष त्यांत होते. आजी म्हणाली, “त्याच्या पत्रिकेतच आहे, कोण काय करणार?” काका म्हणाले, “कुठे कमी पडलास ते बघ.” दादा दोघांनाही मान डोलावत होता. त्याला काय म्हणावे, मला सुचत नव्हते. पहाटे चारला लागणारा त्याच्या खोलीतला दिवा मी तीन वर्षे पाहिला होता.

एका रात्री त्याने माझी वही उचलली. तिसऱ्या रकान्यावर हात ठेवण्याची युक्ती मी त्याला सांगितली. तो बराच वेळ पाने उलटत राहिला. मग म्हणाला, “तुझ्या खेळाचं बरं आहे. तुझा शुक्रवार आठ दिवसांनी येतो. माझा शुक्रवार वर्षानं येतो.”

मला याचे उत्तर देता आले नाही, आणि अजूनही देता येत नाही. शंभर सामन्यांचा हिशेब शंभर सामने खेळणाऱ्याला आधार देतो. ज्याला आयुष्यात चार-पाचच डाव मिळतात, त्याने कोणत्या सरासरीची वाट पाहायची? वहीची मर्यादा मला त्या रात्री कळली. पण दादाने वही ठेवली नाही. मागच्या कोऱ्या पानांवर त्याने आपले तीन रकाने आखले. दोन दिवसांनी त्याने मला सांगितले, “अभ्यास मी पुन्हा असाच करीन. त्यात बदलण्यासारखं फार नाही. पण सगळं वर्ष एकाच डावावर लावायचं का, हा वेगळा प्रश्न आहे.” ऑगस्टपासून तो एका कार्यालयात हिशेबनिसाचे काम करतो आणि पहाटेचा दिवा पूर्वीसारखाच लागतो. त्याचे पुढे काय होईल, हे मला सांगता येणार नाही. पण काकांनी पुन्हा विचारले, “कुठे कमी पडलास?” तेव्हा तो मान डोलावून गप्प बसला नाही. त्याने शांतपणे सांगितले, “दोन गुण कमी पडले, काका. मी नाही.”

तिसऱ्या शुक्रवारी मी जिंकले. खऱ्या, समोर बसलेल्या माणसाविरुद्ध! माडीवर टाळ्या पडल्या. घरी येऊन वही उघडली आणि नियमाप्रमाणे तीन रकाने भरले. समोरचा दोन्ही डावांत दोन लँडवर अडकून बसला होता. त्याचा शेकडा एकोणिसांतला दिवस त्या दिवशी होता. तिसरा रकाना झाकून पाहिला, तर दुसऱ्यात माझ्या कर्तबगारीचे असे काहीच नव्हते. ‘यात माझे फारसे काही नाही’ असे त्या जयापुढे लिहिताना जितका हात जड झाला, तितका सात हारी लिहिताना झाला नव्हता. मग वाटले, यापूर्वीच्या किती जयांपुढे हे वाक्य लिहायचे राहून गेले असेल!

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा परीक्षा उंबरठ्यावर असतील. पुढे आपल्या सर्वांचेच निकाल लागतील आणि दोन्ही पक्षांचे लोक पेढे नाही तर सल्ले घेऊन येतील. कुणाला वहीची ही पद्धत वापरून पाहावीशी वाटली, तर अवश्य पाहावी. खर्च एका दोनशेपानी वहीचा आहे. आणि कुणाला खेळच पाहायचा असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चला. येताना साठ पत्ते आणावे लागतात. नसतील तर माझ्याकडे एक जादा डेक आहे. त्यातही लँड चोवीसच आहेत.